मिसिंग

"हात चालव, नाहीतर तुलाही आत कोंबीन," फौजदार म्हणाला आणि त्याने पिस्तुलाची नळी कुशाबाच्या बरगडीत रुतवली.

पोलिसांची गाडी नेमकी कुशाबाच्या चिंचपोकळीच्या गॅरेजसमोर अडली होती. इंजिन चालू होते, पण मिसिंग मारत होते, म्हणजे मध्येच ठोका चुकत होते. दोन पावले टाकायचाही दम नव्हता. छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरले होते आणि सकाळपासून लालबागकडून गोळीबाराचे आवाज येत होते. कालच्या मोर्च्यात कुशाबाही घसा बसेपर्यंत ओरडला होता. आज समोरच्या चाळीच्या गच्चीवरून त्याच्याच ओळखीची माणसे दगड मारत होती.

"कुशाबा, हात लावलास तर बघ," वरून जयवंत ओरडला. काल दोघे एकाच रांगेत चालले होते.

कुशाबाने पाना खाली ठेवला. "नाही होणार, साहेब."

तेवढ्यात गाडीच्या जाळीमागून आवाज आला. "कुशाबा... मी भिवा." समोरच्या चाळीतल्या आनंदीबाईंचा एकुलता एक मुलगा, गिरणीत कामाला. त्याच्या पोटात गोळी होती. खालच्या फळ्या रक्ताने भिजल्या होत्या.

"इस्पितळात नेताय?"

"गाडी चालली तर," फौजदार म्हणाला.

कुशाबाने पाना उचलला. इंजिनला कान लावून तो फडक्याने एकेक प्लगची वायर काढू लागला. पहिली काढली, आवाज पडला; म्हणजे तो सिलिंडर धडधाकट. दुसरीचेही तेच. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. त्याने वायर पुन्हा बसवून निरखली. रबर तडकले होते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच लोखंडावर उडत होती. गॅरेजमधल्या टॅक्सीची वायर काढून तो धावत आला. वाकला, तोच डाव्या कानावर दगड बसला. तो गुडघ्यांवर पडला. मानेवरून ऊन रक्त उतरले. चाचपडत त्याने वायर बसवली. इंजिन सरळ चालू लागले.

गाडी गेली आणि जयवंत तिघांना घेऊन खाली उतरला. "आत भिवा होता," कुशाबा म्हणत राहिला. कोणी ऐकले नाही. त्याच्याच पान्याने त्यांनी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे मोडली.

भिवा दोन दिवसांनी गेला. त्याला पोचवून आल्यावर जयवंत रॉकेलचा डबा घेऊन गॅरेज पेटवायला आला. कुशाबा आतून कडी लावून बसला होता.

दाराच्या पायरीवर आनंदीबाई बसल्या होत्या.

"काकी, उठा."

"इस्पितळात दोन दीस माझो झील माझ्यावांगडा बोललो रे," त्या म्हणाल्या. "ती गाडी हयच अडान रवली असती तर? पेटव. मी हय बसलंय."

जयवंत डबा घेऊन निघून गेला. आनंदीबाई मात्र उठल्या नाहीत. ऊन चढले.

कुशाबाने दार किलकिले केले आणि डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवून तो मागे सरला. तो महारांच्या वस्तीतला. त्याच्या हातचे पाणी आनंदीबाईंच्या घरात आजवर कोणी घेतले नव्हते.

आनंदीबाईंनी तांब्या उचलला, ओठांना लावला आणि त्या डोळे मिटून घटाघटा पाणी प्यायल्या.