कुशाबाचं तोंड

माझ्या नवऱ्याचं तोंड भीतीदायक आहे, हे मी लग्नाच्या दिवशीच मान्य केलं होतं. लहानपणी कोयता निसटून गालावर लागला, तेव्हापासून डावा डोळा अर्धा मिटलेला आणि ओठ एका बाजूला ओढलेला. माणूस मात्र इतका मऊ, की घरची कोंबडी कापायची तरी शेजाऱ्याला बोलावतो. मी कुडपणची अंगणवाडी चालवते. पोरं माझ्यापेक्षा कुशाबाच्याच अंगाखांद्यावर जास्त. रानातून येताना करवंदं, आवळे, जे मिळेल ते तो खिशात भरून आणायचा, आणि त्या खिशात हात घातल्याशिवाय एकही पोर घरी जायचं नाही.

महाडचे शौनक सर मुलं पळवणाऱ्यांविरुद्ध अर्ध्या तासाचा सिनेमा काढायला गावात आले आणि त्यांची नजर थेट कुशाबाच्या गालावर गेली. "वा! मेकअपचीसुद्धा गरज नाही," ते म्हणाले. मला राग आला. हा मात्र हुरळला. पोरं पळवणारा दलाल म्हणजे हा. त्याच्या तावडीतून मुलीला सोडवणारा इन्स्पेक्टर म्हणजे वरंधचा प्रवीण. मुंबईत राहून आलेला, गोरा, उंच, तोंडात सारखं 'डोन्ट वरी'. खाकी कपडे त्याला असे शोभले, की गावातल्या बायका पदर सावरून त्याच्याशी बोलायला लागल्या.

सिनेमा वरंधला दाखवला, तुडीलला दाखवला, मग आमच्या शाळेत. शेवटी इन्स्पेक्टर मुलीला गाडीत बसवून घाट उतरतो, तेव्हा पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. प्रवीण स्वतः आला होता. त्यानं सगळ्यांबरोबर फोटो काढले, आठवीतल्या अक्षदाच्या डोक्यावर स्वतःची टोपी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून माझी अंगणवाडी कुशाबाला बघून दाराआड लपायला लागली. "मी येवढा भारी नट हाय, मलाच म्हाईत नव्हतं," असं म्हणून तो हसायचा. पण खिशातले आवळे तसेच घरी परत यायचे.

नाचणी कापणीला आली होती, तेव्हा एका संध्याकाळी अक्षदा शाळेतून घरी आलीच नाही. तिचे आईबाप मुंबईला, ती इथं आजीजवळ, प्रयागबाईजवळ राहायची. दिवेलागणीला अख्खा गाव आमच्या अंगणात. कुशाबाला त्याच रस्त्यानं येताना कुणीतरी पाहिलं होतं. आणि हा भोळा सांब आपणहून सांगून बसला, "व्हय, दिसली मला वळणावर. मी हाक मारली, तं पळाली."

झालं, एवढंच हवं होतं. प्रयागबाईनं त्याची गचांडी धरली. "माझी पोर कुठं ठेवलीस रे? कुणाला दिलीस?"

माळा धुंडाळला, गोठा धुंडाळला, पेंढ्याची उडवी उपसली. मग मारायला लागले. मी मध्ये पडले तर मलाही ढकललं. ज्यांच्या पोरांना मी रोज खिचडी भरवते, त्यांचेच ते हात होते. तो एकच म्हणत होता, "मला मारा, पन पोरीला शोधा." पोलीस येऊन त्याला घेऊन गेले म्हणून जीव वाचला. आणखी कुणावर संशय आहे का, असं त्यांनी विचारलं, तर सगळा गाव एका सुरात 'नाय' म्हणाला.

सकाळी हैबती म्हातारा माळावरून खाली आला. रानडुकरांपासून नाचणी राखायला तो शेतातल्या खोपीतच झोपतो, त्याला गावातलं काहीच माहीत नव्हतं. ऐकून तो उलट आमच्यावरच चिडला. "अक्षदा कशी हरवंल? ती इन्स्पेक्टरच्या गाडीत बसून गेली की!"

"कुठला इन्स्पेक्टर, बाबा?" मी विचारलं.

"आपला, शाळंत आलेला. माझ्या शेताखाली, वळणाच्या आड पांढरी गाडी घेऊन उभा व्हता. बस म्हणत व्हता, पन ती काय बसंना. तेवढ्यात मागनं कुशाबा आला, त्यानं हाक मारली. ह्यानं दार उघडलं नि म्हणला, बघ, आला तो! पोर घुसली आत. पोलिसाच्या गाडीत बसली, मंग मला कसली काळजी?"

प्रवीणचा फोन बंद. वरंधच्या घराला कुलूप. गावानं रात्र माझ्या नवऱ्यावर घालवली. तोवर ती गाडी मुंबईला पोचली की गोव्याला, कोण सांगणार? शौनक सर आले, रडले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

कुशाबा सुटून आला तेव्हा त्याचे पुढचे दात गेले होते. गावातली माणसं अक्षदाचा फोटो घेऊन पनवेलला, मुंबईला शोधायला निघाली होती. ज्यांनी मारलं तेच खाली मान घालून दारात आले. "कुशाबा, तू पन चल. तुझी नजर तेज हाय."

तो जागचा हलला नाही. माणसं गेली. माराचा राग धरून बसलाय, असं मला वाटलं. तो त्याचा हक्कच होता. पण पोरीचा काय दोष? मी त्याच्यावर डाफरले.

गुडघ्यांत तोंड खुपसून तो म्हणाला, "जाईन गो मी. पायी जाईन. पन ती कुठं दिसली, नि तिनं मला आधी बघितलं, तर? ती त्याच्याच मागं जाऊन लपंल."