वर राहिलेला हात

बंद पडलेल्या त्या फर्निचरच्या दुकानातून माणसं एक हात डोक्यावर ठेवून बाहेर पडायची. रस्त्याने तशीच चालायची, बसमध्ये तशीच चढायची आणि लोक त्यांना आदराने जागा करून द्यायचे. आत खांदेवाले बाबा बसत. खांद्यातून निकामी झालेला हात बाबा वर करून देतात, हे अख्ख्या शहराने डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर डोकं वापरायची गरज कुणाला उरते?

त्या दिवशी रांगेत एक रंगारी होता. छत रंगवताना शिडीवरून पडल्यापासून त्याचा उजवा हात लोंबत होता. सर्जन बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा खांद्यात हाडापासून सुटली आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन करू, हाडात बारीक खुंट्या बसवू आणि त्यांत ओवलेल्या दोऱ्यांनी कंडरा पुन्हा जागेवर टाचू. मात्र उशीर नको. तारीखही ठरली होती, पण मेहुण्याचा जीव राहीना.

"दाजी, हाडात खुंट्या ठोकायला तुम्ही काय भिंत आहात?" तो म्हणाला. "आधी बाबांकडे जाऊन येऊ. तिथे कापाकापी नाही. गुण नाही आला तर हॉस्पिटल कुठे पळून चाललंय?"

बाबांनी खांद्यावर फुंकर मारली. "पेशींमधली चुंबकीय लहर उलटी फिरली आहे," ते डोळे मिटून म्हणाले. "विज्ञानाला ती सापडायची आहे. आम्हाला सापडली." मग मनगट धरून त्यांनी हात सावकाश वर नेला, पार डोक्याच्या वर, आणि सोडून दिला.

हात वरच राहिला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मेहुण्याच्या डोळ्यांना धार लागली. बाबांनी लगबगीने तो तळवा रंगाऱ्याच्या डोक्यावर टेकवला.

"असाच घरी न्यायचा. आणि एकट्याने उचलून बघायचा नाही. परीक्षा घेतलीत की लहर पळते."

ओल असलेल्या भिंतीला रंग देणार नाही म्हणून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारा हा माणूस. त्याने ऑपरेशनची तारीख रद्द केली. दर आठवड्याला बाबा हात वर न्यायचे आणि हात वर राहायचा. ठणका कमी झाला, तो काळाने बरेचदा होतोच, पण श्रेय बाबांच्या खात्यात गेलं. घरी मात्र फळीवरचा डबा काही निघेना.

"एवढा वर जातो तर डब्यापर्यंत का जात नाही?" बायको विचारायची. तो डावा हात पुढे करायचा, कारण परीक्षा घ्यायची नव्हती.

हिवाळा गेला, उन्हाळा सरत आला. शेवटी तिनेच त्याला सर्जन बाईंकडे नेलं. बाबांची बाजू मांडायला मेहुणाही मागोमाग आला.

"हात वर जातो हो, डॉक्टर. मी स्वतः बघितलंय."

"जातो, की नेतात?" बाईंनी रंगाऱ्याचं मनगट धरलं, हात वर नेला आणि सोडला. तो राहिला. "झाला चमत्कार. मला फुंकरही मारावी लागली नाही. आता हळूहळू खाली आणा बघू."

हात जरासा खाली आला आणि खांद्याच्या रेषेत येताच धपकन मांडीवर आदळला.

"कंडरा सुटली की हात स्वतःहून उचलता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण सांधा मोकळा असतो, दुसऱ्याने नेला तर वर जातो. आणि एकदा पार वर गेला की खांद्यावरचा मोठा स्नायू त्याला तोलून धरतो. अडतं ते मधल्या वाटेवर. म्हणून तुमचे बाबा हात वर नेतात स्वतः, आणि सगळ्यांदेखत खाली येऊ देत नाहीत."

"मग आता तरी ऑपरेशन करून टाका," बायको म्हणाली.

बाईंनी नव्या एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली. "तेव्हा कंडरा हाडाजवळ होती. आता ती आत आखडलीय आणि स्नायूची चरबी झालीय. टाका घालायला धरू तरी काय? दुसरीकडचा स्नायू वळवून लावता येतो, सांधा बदलता येतो. आंघोळ, जेवण कदाचित जमेल. छताचं काम नाही जमणार. खोटी आशा तुम्हाला पुष्कळ मिळालीय, मी आणखी देणार नाही."

रंगाऱ्याला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. तो उठला, बायकोने त्याची बाही नीट केली आणि तिला रडू आवरलं नाही.

बाहेर जिन्यापाशी मेहुणा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दाजी, पलीकडच्या शहरात एक आहेत म्हणे. हे काहीच नाहीत, ते फार पोचलेले आहेत."

रंगाऱ्याला त्याचा रागही येईना. पोरगा मायेपोटीच बोलत होता, पहिल्यांदाही मायेपोटीच बोलला होता.

"तिथे कुणी नुकताच खांदा फाटलेला भेटला तर त्याला एवढं सांग," तो म्हणाला. "बाबांना म्हणावं, तुम्ही लांब बसा, माझा हात मी उचलतो. उचलला तर खुशाल पाया पड. नाही उचलला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ."

मेहुणा घुटमळला. "असं सगळ्यांसमोर, तोंडावर? बरं दिसतं का ते?"

"मलाही बरं दिसलं नव्हतं," रंगारी म्हणाला.