फेलिशियाच्या बाळाची मेणबत्ती

“दीडशे वॅटचाच हीटर आहे ना अंकल? मग डिमर बस झाला. कशाला उगाच सेन्सरवाला?” वालीवच्या दुकानात जितेश म्हणाला.

“डिमर गेल्या महिन्यात तूच दिला होतास,” मी म्हणालो. “मुकाट सेन्सरवाला काढ.”

त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. इथल्याच कारखान्यात मी तीस वर्षं हीटर बनवले. डिमर फक्त वीज कमी-जास्त करतो, मेण किती तापलं ते त्याला कळत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. टोपातलं मेण कमी होत गेलं की उरलेलं तेवढ्याच विजेवर भलतंच तापतं. तरी मी डिमरच नेला, कारण माझी बायको हेलन म्हणाली, “मला नुसतं बटण पुरे. मेण मी बोटानं बघते.”

आमच्या पापडी गावात बाप्तिस्म्याची मेणबत्ती म्हणजे हेलनची, हे ठरलेलंच. वात मेणात बुडवायची, सुकवायची, परत बुडवायची, तीस-चाळीस वेळा. मेण जास्त तापलं तर आधीचा थर वितळतो, निवलं तर गाठी येतात. हेलन करंगळी जरा टेकवून सांगायची. पण केमोनंतर तिची बोटं बधिर झाली होती. डॉक्टरांनी ते मला सांगितलंही होतं. तिच्या तोंडावर ‘तुला आता कळणार नाही गं’ म्हणायची माझी छाती झाली नाही. भित्रा माणूस मी.

मंगळवारी सकाळी ती आमच्या लेकीच्या, फेलिशियाच्या बाळाची मेणबत्ती करायला बसली. पहिला नातू, रविवारी बाप्तिस्मा. मी स्वयंपाकघरात गेलो तर ही करंगळी मेणात धरून वाट बघत बसलेली.

“अजून कोमटच आहे,” ती म्हणाली.

मी तिचा हात ओढून काढला. बोटावर फोड आले होते आणि तिला पत्ता नव्हता. त्या क्षणी मला माझी अक्कल, माझी तीस वर्षं, सगळ्याचा संताप आला.

तडक जितेशकडे जाऊन आणलेला सेन्सरवाला कंट्रोलर मी दुपारी बसवला. सेन्सर मेणात सोडला, सत्तर अंशांवर लावला. आकडा चढत चढत सत्तरला थांबला. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून हेलन बघत होती.

“म्हणजे माझं काम संपलं,” ती म्हणाली.

“असं काय बोलतेस? बुडवायचं कोणी?”

“मला वात धरलेली कळत नाही हो. दोनदा निसटली मघाशी. तुम्ही बुडवा, मी सांगते.”

संध्याकाळपर्यंत ती सांगत राहिली आणि मी बुडवत राहिलो. सरळ धरा, घाई नको, हं, आता काढा. एवढं करून मेणबत्ती मधोमध वाकलीच.

रविवारी विधी आटोपल्यावर शेजारची रेजिना मेणबत्ती निरखत आली.

“हेलन, तुझीच ना ही? जराशी वाकडी दिसते.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेलनने पट्टीचा हात पदराखाली घेतला.

“माझीच,” ती म्हणाली. “घाईत केली.”

फेलिशियाने बाळ तिच्यापुढे धरलं. हेलनने वाकून त्याच्या कपाळाचा मुका घेतला. बाळ मात्र हातात घेतलं नाही.