कळपाला गंध

अनसूयाबाईंची लाल पेन्सिल चित्राच्या समासात टेकली, फुली मारून मोकळी झाली आणि मग त्या भानावर आल्या. स्वतःच्याच चित्राला त्यांनी नापास केलं होतं.

हाताला सवयच तशी. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटांचे छापील ताव तपासण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. नको तिथे ठिपका दिसला की फुली, दयामाया नाही. आजचा ठिपका सगळ्यांत पुढच्या हत्तिणीच्या ऐन कपाळावर होता, केशरी, बोटाएवढा.

टांझानियात लेकीकडे, यशश्रीकडे राहून आल्यापासून बाईंनी दुसरं काही रंगवलंच नव्हतं. तिथल्या कोंडोआच्या कड्यांवरची ती जुनीपुराणी लाल चित्रं डोळ्यांसमोरून हलेनात. लांबुडकी माणसं, जिराफ, एकावर एक काढलेली जनावरं. आधीच्याचं कुणी खोडलेलं दिसत नव्हतं, त्यावरच आपलं काढलेलं होतं. या चित्रात मागे तो कडा होता, पुढे पिवळं गवत आणि गवतातून निघालेला हत्तींचा कळप. पहिल्यावहिल्या प्रदर्शनात हेच दारासमोर लागणार होतं. चित्र फक्कड जमलं होतं, ते कुणी सांगायची बाईंना गरज नव्हती. एका माणसाने मात्र सांगायला हवं होतं, आणि तो कधी चित्रासमोर उभा राहिलेलाही त्यांनी पाहिला नव्हता.

तो माणूस रामकुंडावरचं यजमानांचं कार्य उरकून आला होता आणि आत चहा गाळत होता.

"अहो, जरा इकडे या. चित्राला हात कोणी लावला?"

ढुंढिराज गाळणं हातात घेऊनच बाहेर आले. उजव्या हाताची अनामिका अजून केशरी होती.

"मी. गंध लावलं."

"हत्तिणीला?"

"पुढे तीच चाललीय ना? आज घराबाहेर पडणार सगळी. बिनगंधाचं कसं पाठवायचं?"

"अहो, जलरंग आहे हा! कागदात मुरलं ते. आता पुसता यायचं नाही."

"मग बरंच झालं," ते शांतपणे म्हणाले. "तुझं पुसलं जायचं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. प्रेसला निघताना रोज दारात ते त्यांच्या कपाळाला गंध लावायचे. तावावर त्याचा कण पडेल या धास्तीने गेटाशी पोचताच बाई ते पुसून टाकायच्या. घरी कधी बोलल्या नव्हत्या. उगाच कशाला त्यांचं मन दुखवायचं, असं त्यांना वाटायचं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रुमाल मीच धुवायचो ना."

इतकी वर्षं पुसलं जाणार हे ठाऊक असून हा माणूस रोज सकाळी गंध उगाळत राहिला होता.

"आणि चित्र?" त्यांनी विचारलं. "चित्र कसं झालंय?"

"रोज बघतो की. तू आंघोळीला गेलीस की उभा राहतो इथे." गाळण्यातून चहाचे थेंब फरशीवर पडत होते, दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. "ते शेवटचं पिल्लू रेंगाळतंय बघ. त्याची आई मागे वळून बघतेय की नाही, याचीच मला काळजी लागून राहते."

बाहेर भाच्याच्या, मयुरेशच्या गाडीचा हॉर्न वाजला. चित्र न्यायला तो आला होता. बाईंनी चष्मा पुसला आणि ताव तपासावा तसं ते कपाळ पुन्हा न्याहाळलं. कड्यावरच्या माणसांचा रंग आणि हा रंग एकमेकांना अगदी धरून होते. समासातली फुली तर चौकटीखाली जाणारच होती.

"गंधाचं तबक आणा," त्या म्हणाल्या. "एकीलाच लावून कसं चालेल? अख्खा कळप निघालाय."

ढुंढिराजांनी एकेका हत्तीला गंध लावलं. पिल्लाचं कपाळ अगदीच लहान, तिथे बाईंनी त्यांचं मनगट धरून बोट नेमकं टेकवलं. मग पदर सावरून स्वतःचं कपाळ पुढे केलं.

चित्र गाडीत ठेवून मयुरेशने दार उघडलं. बाई बसता बसता थांबल्या. पर्समधला रुमाल काढून त्यांनी ढुंढिराजांच्या हातात दिला आणि गाडीत बसल्या.