डावी बाजू धक्क्याला

ताईचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि उत्तर अजून गेलं नव्हतं. पत्र तसं घरगुती नव्हतंच. वर 'मा. विद्युत अधिकारी, बंदर कार्यालय', खाली 'आपली, एक त्रस्त रहिवासी' आणि ठसठशीत सही. मधला मजकूर असा: धक्क्याला लागलेली कंटेनरची जहाजं स्वतःपुरती वीज तयार करायला दिवसभर इंजिनं चालू ठेवतात. त्यांचा धूर माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर बसतो आणि घरघरीने कपाटातल्या कपबशा आपसांत भांडतात. या जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याचं काम आपल्याकडे असल्याचं समजतं. ती केव्हा मिळणार, हे लेखी कळवावं. वर्षभरात उत्तर न आल्यास मी घर विकून लेकीकडे राहायला जाईन.

विद्युत अधिकारी म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. दर रविवारी जेवायला तिच्याकडेच असायचा. त्याने एकदाच, ताटाकडे बघत विचारलं होतं, "ताई, पत्र कशाला पाठवलंस? मला विचारायचं."

"तुला विचारलं की तू 'बघू' म्हणतोस. अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. वाढू का अजून?"

उत्तराचे सात कच्चे खर्डे त्याच्या खणात पडून होते. एकात 'लवकरच' लिहिलं होतं, ते खोटं ठरेल म्हणून खोडलं. दुसऱ्यात 'प्रयत्न चालू आहेत' होतं, ते वाचून त्याचीच त्याला लाज वाटली. बंदरात त्याला बहुधासाहेब म्हणत. बटण बंद आहे का विचारलं, तर तो म्हणे, "बहुधा बंद आहे," आणि पुन्हा स्वतः जाऊन बघून येई. लोक हसत, पण त्याच्या हाताखाली आजवर कोणाला साधा झटका बसला नव्हता.

घर बघायला येणारा माणूस गुरुवारी येणार होता. ताई गेली तर रविवारी जायचं कुठे, हे काही त्याला सुचत नव्हतं. आणि किनाऱ्याची वीज घेणारं पहिलं जहाज मंगळवारी सकाळी धक्क्याला लागलं.

जमिनीतल्या जोडणीच्या खड्ड्याचं झाकण उघडून तो उभा होता. शेजारी मुकादम मान वर करून जहाज न्याहाळत होता.

"साहेब, जहाजाची केबल खाली सोडायची ती पेटी कुठे असते?"

"मागच्या अंगाला. डाव्या बाजूला."

"मग झालं. जहाज उजव्या बाजूने लागलंय. केबल सोडली की वीज माशांना."

तो तडक धक्काप्रमुखाच्या खोलीत गेला. धक्काप्रमुखाने शांतपणे त्याचीच चिठ्ठी फाइलमधून काढून वाचली. "'शक्य असल्यास, आणि कोणाची गैरसोय होत नसल्यास, जहाज डाव्या बाजूने लावल्यास बहुधा बरं पडेल.' आता तुम्हीच सांगा साहेब, आमची गैरसोय होत होती. नाही लावलं."

यात चूक कोणाची, हे विचारायची सोय नव्हती. जहाज उद्या सकाळी निघणार होतं आणि केबल असलेलं दुसरं जहाज दीड महिन्याने येणार होतं. 'राहू द्या, पुढच्या वेळी बघू' हे शब्द त्याच्या ओठांवर येऊन बसले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"जहाज वळवा."

"काय म्हणालात?"

"वळवा. डावी बाजू धक्क्याला."

मागून आलेल्या मुकादमाने हळूच विचारलं, "बहुधा?"

"बहुधा नाही."

दोराने ओढणाऱ्या दोन बोटी आल्या. क्रेन थांबल्या. जहाजाचा कप्तान वायरलेसवर जे बोलला ते धक्काप्रमुखाने मुद्दाम आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवलं. दोन तास गेले. तेवढ्या वेळात बहुधासाहेबाने खड्ड्यातली जोडणी चार वेळा तपासली.

मुकादमाने चहा पुढे केला. "प्या साहेब. तुम्हाला बघून वीज घाबरायची."

मग केबल हळूहळू खाली उतरली. दोघांनी ती ओढून खड्ड्यात नेली, जोड घट्ट बसवला. जहाजावरून 'तयार' असा निरोप आला. बहुधासाहेबाने आणखी एकदा बघितलं आणि कळ दाबली. जहाजावरचे दिवे जराही लुकलुकले नाहीत. एक इंजिन थांबलं, मग दुसरं. धुराड्यातला धूर विरळ होत होत संपला.

"झालं का साहेब?" वीस वर्षं घरघरीवर मात करून बोलायची सवय असलेला मुकादम ओरडला, तसे धक्क्यावरचे सगळे वळून बघायला लागले.

"ओरडू नका. ऐकू येतंय."

तिथेच एका खोक्यावर बसून त्याने आठवा खर्डा लिहिला. 'उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. आज अकरा चाळीसपासून जहाजाला किनाऱ्यावरची वीज चालू आहे. ज्यांच्याकडे केबल आहे ती सगळी जहाजं यापुढे अशीच लागतील. बाकीच्यांचा धूर अजून काही वर्षं राहील. घर विकू नये.' पेन हातात धरूनच त्याने ते एकदा वाचून काढलं. मग टोपण लावलं आणि पाकीट चिकटवलं.

टपालपेटी ताईच्याच गल्लीच्या तोंडाशी, तिच्या खिडकीखाली होती. ताई दोरीवरचे कपडे काढत होती.

"अरे, हे सगळं गप्प कसं झालं? काय मोडलंस?"

"काही नाही मोडलं."

"मग हातात काय आहे?"

"अधिकाऱ्याचं उत्तर."

"उजाडलं म्हणायचं. दे इकडे, वर ये."

"टपालाने येईल. तूही टपालानेच पाठवलं होतंस."

"परवा तो माणूस येतोय घर बघायला. त्याला काय सांगू?"

"नको म्हणून सांग."

ताईने उशीचा अभ्रा झटकला, घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. "हे अधिकारी सांगतोय की भाऊ?"

"दोघं."

"मग चहा दोघांचा टाकते. पण आधी ते पेटीत टाक, नाहीतर खिशात घालून परत नेशील."

त्याने पाकिटावरचं तिकीट अंगठ्याने दाबलं, पत्ता एकदा वाचला आणि पत्र पेटीत टाकलं.