हात लावायचा नाही

न बांधलेल्या घरांच्या फिल्मा बनवायचं ते ऑफिस. गिऱ्हाइकाच्या जागेवर अजून गवत असायचं आणि इकडे पडद्यावर त्याच्या दिवाणखान्यात मस्त ऊन पडलेलं असायचं. ते ऊन पाडायचं काम ताई आणि लंबू करायचे. ताई ऑफिसात सगळ्यात जुनी, म्हणून साहेबांसकट सगळ्यांची ताई. लंबूचे गुडघे टेबलाखाली मावत नसत, त्यामुळे तो कायम तिरका बसायचा.

साहेबांच्या मेहुण्याने नवा कॉम्प्युटर आणला आणि माशी शिंकली.

"भावजी, ह्यातला प्रोसेसर जुन्याच्या दुप्पट पळतो. दोघांचं काम एकात!"

साहेबांना त्यातलं 'एकात' तेवढं ऐकू आलं. त्यांनी शर्यतच लावली. एकच फिल्म, दोन्ही मशीनवर. जे मशीन जिंकेल ते राहील आणि त्याच्यापुढचा माणूस राहील. दुसऱ्याने घरी जायचं.

नवं मशीन लंबूच्या टेबलावर गेलं, कारण मेहुण्याची वायर तिथपर्यंतच पोचली. ताईच्या नशिबी जुनंच आलं. तिचा नवरा वर्षभर घरी बसून होता आणि लंबूला नुकतीच जुळी झाली होती. कालपर्यंत एका डब्यात जेवणारी ही दोघं शर्यतीच्या सकाळी एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती.

"ताई, तुझा म्हातारा मान टाकणार बघ," लंबू म्हणाला.

"म्हातारा आहे, पण चालतोय. तुझ्याचं अजून बारसं व्हायचंय."

साहेब खुर्ची ओढून दोघांच्या मधोमध बसले. इतक्या वर्षांत फिल्म तयार होताना ते पहिल्यांदाच बघत होते. एरवी तयार फिल्म बघून "छान" म्हणणे एवढंच त्यांचं काम.

"नियम एकच," मेहुण्याने बजावलं. "हात लावायचा नाही. प्रोसेसर विरुद्ध प्रोसेसर. माऊस हलला तरी बाद!"

खरं तर ह्याच वेळी ताईला मान वर करायला फुरसत नसे. एकेक चित्र बाहेर पडू लागलं की कुठे सावली उलटी पडलीय, कुठे दार भिंतीत घुसलंय हे हुडकायचं, थांबवायचं, नीट करायचं, पुन्हा चालू करायचं. आज ती हात मांडीवर ठेवून बसली. शेजारी लंबूही तसाच, फोटोला बसल्यासारखा.

किती फिल्म झाली ते दाखवणारी लंबूच्या पडद्यावरची पट्टी सुसाट निघाली आणि अर्ध्यावर जी अडली ती अडलीच. आतला पंखा किंचाळायला लागला.

"जरा तापलंय," मेहुणा म्हणाला आणि त्याने टेबलफॅन आणून लावला. त्या वाऱ्याने साहेबांनी टकलावर जपून पसरलेले केस उभे राहिले. मग त्याने पिशवीत बर्फ भरून मशीनच्या डोक्यावर ठेवला. पिशवी गळकी निघाली. साहेबांचे जावईबापूंना शोभतील असे बूट भिजले आणि मेहुणा टेबलाखाली फडकं घेऊन रांगू लागला.

'तापू दे, अजून तापू दे,' ताई मनात म्हणत होती. लंबूच्या जुळ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले, तरी म्हणत होती.

तेवढ्यात तिला आपल्या पडद्यावर सोफा दिसला. जमिनीपासून वीतभर वर, हवेत.

"साहेब, तो सोफा—"

"हात लावायचा नाही!" साहेब ओरडले.

"हात नाही लावत, तोंड उघडतेय."

"तेही नको. नियम म्हणजे नियम."

ताईचं मशीन जिंकलं. तिच्या तोंडावर हसू फुटलं, ते तिला आवरेना. लंबू मात्र हटून बसला. "उघडून बघा, काहीतरी घोळ आहे!"

उघडलं. प्रोसेसरवर जो थंड ठेवणारा ठोकळा बसतो, त्याच्या बुडाचं पातळ प्लास्टिक मेहुण्याने सोललंच नव्हतं. 'बसवण्यापूर्वी काढा' ही अक्षरं तापून प्रोसेसरच्या पाठीवर उमटली होती.

"मला वाटलं शोभेचं आहे," मेहुणा म्हणाला.

प्लास्टिक काढलं, पुन्हा शर्यत, पुन्हा हात मांडीवर. ह्या वेळी नवं मशीन ताईच्या कितीतरी आधी पोचलं. आता लंबूला हसू आवरेना. ताईने मान फिरवली.

साहेब मात्र दोघांकडे बघत होते. ओल्या बुटांतून पाय काढत त्यांनी विचारलं, "एक सांगा. दोन वेळा फिल्म झाली. त्यात तुम्ही दोघांनी नक्की काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात हात लावायचा नाही!" दोघं एकदम ओरडली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"मी म्हणालो. पण न लावता झालं ना?" साहेबांचा आवाज मऊ झाला. माणसाला घरी पाठवताना तो नेहमीच मऊ व्हायचा. "इतकी वर्षं मी बसण्याचा पगार देत होतो, आणि मला पत्ताच नाही."

मेहुण्याने लगेच लंबूची खुर्ची ओढून बूड टेकवलं. त्याचे गुडघे टेबलाखाली छान मावले.

संध्याकाळी गिऱ्हाईक फिल्म न्यायला आलं तेव्हा ताई आणि लंबू आपापले डबे पिशवीत भरत होते. पडद्यावर ऊन पडलेलं आणि सोफा वीतभर हवेत.

"हे काय?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"हल्ली असेच घेतात," मेहुणा म्हणाला. "खालून झाडू मारता येतो."

"छान," साहेब म्हणाले.

ताईचा हात सवयीने माऊसकडे गेला.

"ताई," मेहुणा गोड हसला, "हात लावायचा नाही."

तिने लंबूकडे पाहिलं. लंबूने सोफ्याकडे पाहिलं. मग दोघांनी आपापल्या पिशव्या उचलल्या.