सतरा नंबरची तबकडी

"मी त्या दिवशी लाल शाईला हात लावला नव्हता."

आई भांडी विसळताना हे म्हणायची, कुणी विचारलेलं नसतानाही. आता आई नाही, स्वित्झर्लंडमधल्या सेंत-इमिएतला तो घड्याळाच्या तबकड्यांचा कारखानाही नाही. पण तो आवाज कानात नळाच्या धारेसारखा वाहतो.

१९५८ साली २२१४ क्रमांकाच्या घड्याळाच्या साठ तबकड्यांवर कुणीतरी चुकून डॉक्टरी घड्याळाचा छपाईचा साचा लावला. नाडी मोजायची लाल रेघ उमटली. ठपका आईवर आला, नोकरी गेली. तबकड्या वितळवल्या, असं मालकांनी सांगितलं.

मी जुनी घड्याळं पारखते. दोन वर्षांपूर्वी गेताँ नावाचा व्यापारी लाल रेघेचं २२१४ घेऊन आला. ब्वेनोस आयर्समध्ये मिळालं म्हणाला.

"मागाहून रंगवलंय ना, बाई? जुन्या घड्याळांच्या पुस्तकात याचे दोनच प्रकार दिलेत, दोन्ही काळ्या रेघेचे."

"ते पुस्तक लिहिणारा मला माहीत आहे. कपाळावर चष्मा ठेवून घरभर शोधतो. ठेवून जा."

भिंगाखाली पाहिलं. मागाहून ओढलेली रेघ आकड्यांच्या वर बसते. इथे काळा आकडा लाल रेघेवर चढला होता, म्हणजे लाल आधीची, कारखान्यातलीच. तबकडी उलटी केली. छपाईवाली प्रत्येक बाई पाठीवर आपला नंबर ठोकायची. आईचा नऊ; तो ठसा अजून माझ्या खणात आहे. इथे होता सतरा. तेव्हा तबकडी उलटून पाहायचं कुणाला सुचलं नसावं.

एका घड्याळावर कोण विश्वास ठेवणार? दोन वर्षं पत्रं लिहिली, लिलाव धुंडाळले, लोकांच्या हातापाया पडले. आणखी तीन मिळाली. तिन्हींच्या पाठीवर सतराच.

कुणाचा कोणता नंबर ते लिहिलेली वही कारखान्याबरोबर गेली. आईच्या छपाईच्या खोलीतली एकच बाई हयात होती, ऐंशी पार केलेली ल्युसेत मावशी. दोनदा विचारलं, दोनदा "आठवत नाही गं" म्हणाली. तिसऱ्यांदा चारही तबकड्या घेऊन गेले आणि तिच्या मेजावर पालथ्या मांडल्या.

"परत आलीस? तुझ्या आईहून हट्टी आहेस."

"आई हट्टी असती तर भांडली असती. सतरा कुणाचा, मावशी?"

"पाव खा आधी. मनुका घातल्यात."

"नंतर खाते."

तिने एक तबकडी उचलली, नखाने आकडा चाचपला. खिडकीखालून मुलं शाळेतून ओरडत गेली. मावशीने तबकडी परत पालथी ठेवली.

"माझा," ती म्हणाली. "साचा मी लावला. तुझ्या आईने, ओदेतने, पाहिलं होतं. माझा पिएर तेव्हा तीन महिन्यांचा, घरात मिळवणारी मी एकटी. तिने मालकांना माझं नाव सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं."